मधला माणूस

मु. पिंपळकोठे (एदलाबाद), पूर्व खानदेश
पौष वद्य ३, शके १८७३

॥ श्री मुक्ताई प्रसन्न ॥

रा. रा. तोताराम यांस जीवरामचा जय हरी.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी पूर्णेवर आंघोळ केली, मुक्ताईला फूल वाहिलं आणि उपाशीपोटीच शाळेत मत द्यायला गेलो. काम देवाचं असो की सरकारचं, पहिल्या वेळी उपाशी जावं असं मला वाटतं. शाळेत एका पडद्याआड पेट्या ओळीने मांडल्या होत्या. एकीवर बैलजोडी, एकीवर झाड, एकीवर झोपडी, आणखी दोनतीन होत्या. बैलजोडीच्या पेटीला कुंकू लावलेलं होतं, वर झेंडूची फुलं आणि गुळाचा खडा होता. अधिकाऱ्याने फुलं काढून टाकली की थोड्या वेळाने ती परत येत. पुढे त्याने नाद सोडला.

ओळीने मांडलेल्यांपैकी एकालाच नमस्कार करून बाकीच्यांना वगळणं मला बरं दिसेना. म्हणून सगळ्या पेट्यांना हात जोडले. त्याला वेळ लागला. बाहेरून आवाज आला, "बाबा, आत काय आरती करू राह्यले का?"

तुम्ही धुळ्याहून लिहिलं होतं की मत झाडाला द्या, कारण झाड तुमच्या समाजवादी पक्षाचं आहे. मी मत दिलं. कोणाला दिलं ते कोणाला सांगू नये असं सरकारने सांगितलं आहे, म्हणून सांगत नाही.

गावात मात्र बाकी कोणी काही लपवलं नाही. आमचे उखर्डूभाऊ पाटील पारावर म्हणाले, "वरीसभर ज्यायच्या जिवावर खातो, त्यायले नही म्हनू का?" झुलाल म्हणाला, "पोळ्याले पुरनपोळी चारतो, मंग मत काय जड हाये?" या दोघांचं एक मत होणं नवीन नाही. आमच्या भजनात उखर्डूभाऊ पखवाज धरतात आणि झुलाल चाल सांगतो. फैजपूरला काँग्रेस भरली तेव्हा आम्ही तिघं एकाच गाडीने गेलो होतो. थंडी फार होती. त्या दोघांनी एक घोंगडी पांघरली आणि मला बैलांची झूल दिली.

आमची कुंदाबाई तुमच्या घरी तिच्या बहिणीला, पुष्पाबाईला, आशीर्वाद सांगते.

आपला,
जीवराम


धुळे, पश्चिम खानदेश
ता. ९-२-५२

ती. जीवरामभाऊंस तोतारामचा साष्टांग नमस्कार.

आमचा पराभव झाला. पण आपल्या गावच्या पेटीत झाडाला एक मत निघालं. मी कार्यालयात सर्वांना सांगितलं की हे एक मत म्हणजे आमचे साडू. चिटणीसांनी तुमचं नाव विचारून घेतलं.

भाऊ, तुम्ही एकटे पडलात असं समजू नका. पक्षांचा इतिहास पाहावा. इंग्रजांच्या देशात मजुरांच्या पक्षाचे पहिल्या वेळी दोनच सभासद निवडून आले होते, आणि पुढे त्यांनी राज्य केलं. बैलजोडीवालेसुद्धा सुरुवातीला वर्षातून एकदा जमून सरकारला अर्ज लिहिणारे वकीलच होते. पक्ष झाडासारखाच असतो. आधी मुळं खाली जातात, वर काही दिसत नाही.

तुमच्याकडे वैशाखात मुक्ताईचा सप्ताह होतो. सारा गाव जमतो. भजनात वीणा तुमच्याकडे असते, तुमच्या शब्दाला मान आहे. कीर्तनानंतर आमच्या एका वक्त्याला थोडा वेळ मिळाला तर मुळांना पाणी घातल्यासारखं होईल.

आपला,
तोताराम


धुळे
ता. ५-१०-५२

ती. जीवरामभाऊंस सा. न.

सप्ताहात भाषण नको असं तुम्ही कळवलंत, ते चिटणीसांना पटलं नाही, मला पटलं. आता तो प्रश्न उरला नाही. आमचा पक्ष दुसऱ्या पक्षात मिळाला असून आमची निशाणी आता झोपडी आहे. इतिहासात असे संगम होतातच. पत्राच्या पाठीमागे झाड छापलेलं दिसेल त्याकडे लक्ष देऊ नये. जुने कागद बरेच उरले आहेत.

आपला,
तोताराम


पिंपळकोठे
आश्विन वद्य ५, शके १८७४

रा. रा. तोताराम यांस जय हरी.

झोपडीचं पत्र पावलं. आनंद वाटला. झाडाखाली किती दिवस राहणार? घर झालं हे बरं झालं.

जीवराम


पिंपळकोठे
वैशाख वद्य १२, शके १८७९

रा. रा. तोताराम यांस जय हरी.

पाच वर्षांत लग्नपत्रिकांपलीकडे आपला पत्रव्यवहार नाही. मध्यंतरी तुमचा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत आहे असं कळलं. समिती इकडेही आली आहे, म्हणून हे लिहितो.

यंदाच्या निवडणुकीत उखर्डूभाऊ बैलजोडीकडेच राहिले. झुलाल समितीत गेला. मराठी माणसाला मुंबईसकट आपलं राज्य पाहिजे असं तो म्हणतो. उखर्डूभाऊंनाही तेच पाहिजे, पण ते म्हणतात की ते बैलजोडीच देईल, थोडं थांबा. म्हणजे भांडण पाहिजे की नको याचं नाही, कोणी द्यावं याचं आहे. हे मला पारावर समजलं आणि मी ते बोलून दाखवलं, तर दोघंही माझ्यावर रागावले.

प्रचारात झुलाल भर चौकात म्हणाला, "पाटलाच्या बैलायची वेसन गुजरातच्या हाती गेली. आता हे शेन टाकायलेबी विचारून टाकतीन." उखर्डूभाऊ म्हणाले, "फैजपूरले माह्या घोंगडीत निजला, तवा नही वास आला याले." त्या दिवसापासून बोलणं बंद.

आता सप्ताहाचं सांगतो. तुम्ही आमच्याकडे कधी सप्ताहात आला नाहीत, म्हणून रीत लिहितो. सात दिवस वीणा देवापुढे अखंड वाजती राहते. जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला टांगायची नाही. ज्याचा पहारा असेल त्याने ती गळ्यात घालून उभं राहायचं. पहारा संपला की पुढचा माणूस समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पाया पडल्याशिवाय वीणा देता येत नाही आणि घेता येत नाही. पहाऱ्यांचा क्रम आजे-पणजांनी लावलेला आहे. उखर्डूभाऊंच्या घरानंतर झुलालचं घर.

पहिल्याच दिवशी दुपारी उखर्डूभाऊंचा पहारा संपला. झुलाल समोर आला आणि उभा राहिला. उखर्डूभाऊही उभे. कोणी वाकेना.

झुलाल देवाकडे पाहून म्हणाला, "देनाऱ्यानं आधी वाकावं."

उखर्डूभाऊही देवाकडे पाहून म्हणाले, "घेनाऱ्यानं वाकावं. मांगनारा तो हाये."

मुक्ताई दोघांचंही ऐकून घेत होती. उखर्डूभाऊ वाजवत राहिले. त्यांचं वय तुम्हाला माहीत आहे. पाय थरथरू लागले, घाम धोतरापर्यंत आला, पण वीणा ते सोडेनात. सोडतील तरी कुठे? सप्ताह मोडला तर गावाला लागतं असं आमच्याकडे मानतात. बायका रडायला लागल्या.

मी टाळ खाली ठेवले आणि उखर्डूभाऊंच्या पाया पडलो. ते माझ्या पडले. वीणा मी घेतली. मग वळून झुलालच्या पाया पडलो. तो माझ्या पडला. वीणा त्याला दिली. मी मध्ये उभा राहिलो तेवढा वेळ वीणा माझ्या गळ्यात चारदोन झणकार वाजली असेल. सप्ताह टिकला. साऱ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

सप्ताहभर रोज असंच केलं.

आपला,
जीवराम


धुळे
ता. ११-६-५७

ती. जीवरामभाऊंस सा. न.

तुमचं पत्र मी कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवलं. क्षमा असावी. दोन मोठ्या शक्तींच्या मध्ये उभी राहणारी तिसरी शक्ती इतिहासात नेहमी निर्माण होते, आणि पुष्कळदा तीच शेवटी दोन्हींना वाकवते. तुम्ही तर दोन्हींना पहिल्याच दिवशी वाकवलंत.

आमच्या कार्यालयात मगन म्हणून पाणी भरणारा आहे. त्याने विचारलं, "तुमना साडू कोनता पक्षना शे?" मी म्हणालो, कोणत्याच नाही. तो म्हणाला, "मंग त्यासना पक्ष बठ्ठास्मा मोठा शे." तुमचा पक्ष सगळ्यांत मोठा, यावर सर्व हसले, पण चिटणीस हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

त्या एका मतापासून मी तुम्हाला आपलाच माणूस समजतो. आता सांभाळून राहा, तुम्हाला बरेच लोक आपलं म्हणतील.

आपला,
तोताराम


पिंपळकोठे
ज्येष्ठ शुद्ध ५, शके १८८१

रा. रा. तोताराम यांस जय हरी.

तुम्ही लिहिलं होतं ते झालं आहे.

पहिल्या वर्षी मी एका जोडीच्या मध्ये उभा राहिलो. गेल्या वर्षी आणखी पुष्कळ जोड्या निघाल्या. पहाऱ्यांच्या क्रमात बैलजोडीचं घर आणि समितीचं घर एकाआड एक आहेत, पणजांना काय ठाऊक! यंदा तर जवळजवळ प्रत्येक पहारा बदलताना मला मध्ये उभं राहावं लागलं. सात दिवस देवळातच जेवलो, देवळातच पाठ टेकली. मान अवघडली आहे, कुंदाबाई एरंडाचं पान बांधते.

सप्ताह संपला तरी मधलं काम संपत नाही. उखर्डूभाऊ आणि झुलाल यांची विहीर सामाईक आहे. केळीला पाणी आळीपाळीने. परवा मला बोलावणं आलं. दोघंही विहिरीवर समोरासमोर उभे. उखर्डूभाऊ मला म्हणाले, "जीवराम, त्याले सांग, माही मोट सुटली." झुलाल तिथेच, हातभर अंतरावर. मी वळून म्हणालो, त्यांची मोट सुटली. झुलाल म्हणाला, "त्यायले सांग, मले डोये हायेत." मी सांगितलं. उखर्डूभाऊ म्हणाले, "डोये हायेत तं मंग बांध फुटला तो दिसत कसा नही, इचार त्याले." बैल माझ्याकडे पाहत होते.

घरी आल्यावर कुंदाबाई म्हणाली, "तुम्ही काय दोघायचं टपाल हाये का?" मी पाय धुवायला घेतले. ती म्हणाली, "टपालवाल्याले रयवारी सुट्टी तरी रायते."

हे सारं मी हसत लिहिलं असतं, पण एक गोष्ट झाली ती तुम्हालाच लिहितो. आमच्या शाळेचे पंडित गुरुजी भले माणूस आहेत. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी माझी मान पाहून ते म्हणाले, "जीवरामभाऊ, एक पहारा मी मध्ये उभा राहतो. तुम्ही टेका जरा." मी म्हणालो, तुम्ही गांधी टोपी घालता, समितीवाले तुमच्याकडून घेणार नाहीत. ते म्हणाले, टोपी काढतो. मी म्हणालो, तुम्ही बाहेरगावचे आहात. ते म्हणाले, मुक्ताईही इथली नव्हती. मग मला राग आला. तो राग कोणत्या पक्षाचा होता, ते मी संध्याकाळपर्यंत शोधत होतो.

लहानपणी आमच्या वडिलांनी सांगितलं होतं, वीणा गळ्यात असते तेव्हा माणूस खुंटी असतो. खुंटीने मान मागू नये. आता लोक मला देवळात जागा करून देतात. मी आल्याशिवाय कोणी वाकत नाही, आणि मी असल्यामुळे एकमेकांपुढे तर कोणीच वाकत नाही. यातलं मी काय सांभाळतो आहे ते मला नीट दिसत नाही.

आपला,
जीवराम


धुळे
ता. ४-५-६०

ती. जीवरामभाऊंस सा. न.

महाराष्ट्र राज्य झालं. धुळ्यात दिवे लावले होते. पुष्पाबाईने पुरणपोळी केली.

कागदावरची बैलजोडी पाहून आश्चर्य वाटलं असेल. समितीचं काम पुरं झालं असं माझ्यासारख्या काहींचं मत पडलं. सर्व नद्या शेवटी समुद्राला मिळतात. झोपडीचे कागद मी मुलांना पाढे लिहायला दिले आहेत.

महत्त्वाचं असं की तुमच्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक येते आहे. दोन्ही बाजूंना मान्य असा एकच माणूस तिथे आहे, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही सरपंच व्हावं. तुम्हाला कोणाच्याही विरुद्ध बोलावं लागणार नाही. फक्त आम्ही एक पत्रक छापू, त्यावर वीणेचं चित्र टाकू. ठसा मी पाहून ठेवला आहे. सप्ताह जवळच आहे. त्याच वेळी तुम्ही मध्ये उभे असताना लोकांना एक शब्द सांगितलात तर काम होईल.

होकार कळवावा.

आपला,
तोताराम


पिंपळकोठे
वैशाख वद्य १३, शके १८८२

रा. रा. तोताराम यांस जय हरी.

तुमचं पत्र वेळेवर पावलं. उत्तर उशिरा देतो, कारण काय उत्तर द्यायचं ते सप्ताह होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

राज्य झालं त्या दिवशी इथेही पेढे वाटले. उखर्डूभाऊंनी आमच्या बैलजोडीने दिलं म्हणून वाटले, झुलालने आम्ही घेतलं म्हणून वाटले. एक देवळाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. याचे त्याला आणि त्याचे याला मीच नेऊन दिले. पेढे बोदवडच्या एकाच हलवायाचे होते. दोघांनीही खाऊन सांगितलं की त्याचे जरा शिळे आहेत.

तुमच्या पत्रकाची कुणकुण त्यांना कशी लागली ते कळत नाही. उखर्डूभाऊ घरी आले. म्हणाले, "तू उभा राय, आमची मानसं तुह्याकडे. झुलालले सांगू नको." ते गेल्यावर झुलाल मागच्या दाराने आला. म्हणाला, "उभे राहा, पन पाटलाले कळू देऊ नका." दोघांनाही मी पाहिजे होतो, कारण मी सरपंच झालो तर दुसरा होत नाही. कुंदाबाईने दोघांना चहा केला. कपबशा विसळताना ती म्हणाली, "आता खरोखरचा पक्ष झाला तुमचा. चोरून येऊ लागले लोक."

त्या वाक्याने मला झोपू दिलं नाही असं लिहिणार होतो, पण झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा मात्र ठरलेलं होतं.

सप्ताह बसला. पहिल्या दिवशी दुपारी उखर्डूभाऊंचा पहारा संपत आला. तीन वर्षांच्या सवयीने झुलाल येऊन माझ्या मागे उभा राहिला, उखर्डूभाऊ वीणा वाजवत माझ्याकडे पाहू लागले. मी पुढे व्हायची वाट पाहत सारं देऊळ उभं होतं. मी टाळ पंडित गुरुजींच्या हातात दिले. मुक्ताईला नमस्कार केला. उखर्डूभाऊंच्या पाया पडलो, झुलालच्या पाया पडलो. उखर्डूभाऊंनी वीणा काढायला मान वाकवली. मी ती घेतली नाही. पायरीवरच्या चपला घातल्या आणि घरी आलो.

मागून कोणी हाक मारली नाही. मला वाटतं, मी मान शेकायला चाललो असं त्यांना वाटलं.

घरी येऊन ओसरीवर बसलो. आमच्या ओसरीवर वीणा ऐकू येते. सप्ताह मोडला तर तो माझ्या हातून मोडला असं गाव म्हणेल आणि ते खरं असेल, हे मला दिसत होतं. मुक्ताईला म्हणालो, आई, तुझी वीणा तू पाहा, मी खुंटी राहिलो नाही.

कुंदाबाई देवळातून आली. ती म्हणाली, "पाटील तुम्हाले शिव्या देऊ राह्यले. वाजवता वाजवता देऊ राह्यले, ताल चुकत नही." मी म्हणालो, आणि झुलाल? ती म्हणाली, "तो उगाच उभा हाये."

ती पुन्हा गेली आणि पुन्हा आली. पाटलांचे पाय थरथरू लागले होते. मी उठलो. ती दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "आता गेले तं मराल तवापर्यंत उभे राहाल." मी बसलो.

थोड्या वेळाने ओसरीवरून मला वीणेचा आवाज एकदा अडखळलेला ऐकू आला. मग तो नीट चालू झाला, पण हात निराळा होता. झुलाल तार जरा ओढून छेडतो.

पुढचं कुंदाबाईने सांगितलं. झुलालने पाटलांना पहिल्यांदा तोंडावर बोलून विचारलं, "आता काय करता पाटील? हा तं आपल्याले बुडवून चालला." पाटील म्हणाले, "बुडवते कसा? उद्या हा गावभर सांगन, याच्यावाचून आपलं चालत नही." झुलाल म्हणाला, "असं नही होऊ द्यायचं." पाटील म्हणाले, "नही होऊ द्यायचं." आणि माझ्यावरच्या रागाने दोघं एकदम वाकले. डोकी आपटली. दोघांनी मला आणखी एक शिवी दिली, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली. त्यांचं पाहून पुढच्या जोड्याही वाकल्या. कोणाकोणाला वाकताना फार जड गेलं म्हणतात, पण माझं नाव काढलं की जमत होतं.

तुम्ही इतिहासातल्या आघाड्यांविषयी लिहीत असता. ही आघाडी माझ्याविरुद्ध झाली आहे आणि भक्कम आहे. ग्रामपंचायतीसाठी दोघांनी मिळून पंडित गुरुजींना विचारलं होतं. नोकरीमुळे त्यांना उभं राहता येत नाही, म्हणून आता तिसरा माणूस शोधताहेत. तो मी नाही एवढं दोघांचं ठरलं आहे.

काल काल्याचा प्रसाद घेऊन दोघं अंगणात आले. माझ्याशी ते बोलत नाहीत. उखर्डूभाऊ म्हणाले, "झुलाल, इचार त्याले, पुढच्या साली सप्ताहात येनार का नही." मी झुलालला म्हणालो, त्यांना सांग, येईन, पण टाळकऱ्यांत. झुलालने पाटलांना सांगितलं. पाटील म्हणाले, "सांग त्याले, टाळकरी पुष्कळ हायेत." प्रसाद ओट्यावर ठेवून गेले. लाह्या, दही आणि लोणचं होतं. दह्यात मीठ जास्त होतं.

वीणेचा ठसा परत करावा. दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल. आणखी एक. आठ वर्षं तुम्ही मला ज्या मतावरून आपला म्हणता, ते झाडाच्या पेटीतलं मत कुंदाबाईचं होतं. बहिणीच्या घरचं काम म्हणून तिने दिलं. मी कोणाला दिलं ते सांगू नये असं सरकारने सांगितलं आहे.

सप्ताहाच्या बाकीच्या दिवसांत मी देवळात गेलो आणि टाळकऱ्यांच्या शेवटच्या ओळीत, खांबामागे उभा राहिलो. तिथून वीणा कोणाच्या गळ्यात आहे ते दिसत नाही. ऐकू येते.

आपला,
जीवराम